डाव्या चाकाचे नट

वहिनी गाडी सुरू करण्याआधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायची, आणि ती फेरी बघायला अख्खं ट्रकचं यार्ड चहाचे कप हातात घेऊन उभं राहायचं. फेरी तशी सगळेच ड्रायव्हर मारायचे, नियमच होता तसा. पण त्यांची फेरी म्हणजे टायरला एक लाथ, आरशावर एक फुंकर, की चढले वर. वहिनी मात्र ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात करायची ती पुन्हा त्याच दाराशी येईपर्यंत एक वीतभर जागा सोडायची नाही. दिव्यांच्या काचा बाहीने पुसायची, ताडपत्रीच्या दोऱ्या ओढून बघायची, गुडघ्यांवर बसून गाडीच्या पोटाखाली डोकावायची.

"अहो वहिनी, एवढं निरखून तर लोक जावईसुद्धा बघत नाहीत!" मिशी ओरडायचा. तोही ड्रायव्हरच. त्याचं खरं नाव त्याच्या मिशीमागे कधीच हरवलं होतं.

"जावई खराब निघाला तर चार लोकांत बसून बोलता येतं," वहिनी गाडीखालूनच उत्तर द्यायची. "घाटात चाक निघालं तर कुणाशी बोलू?"

मग हशा, मग शिट्ट्या, मग वहिनी गुडघ्यावरची धूळ झटकत उठायची आणि ऐटीत वर चढायची. वयाने ती अर्ध्या यार्डापेक्षा लहान होती, पण तिचा नवरा इथला जुना ड्रायव्हर. तो सगळ्यांचा दादा, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. हिशोब साधा होता.

साधं नव्हतं ते पुढचं. फरशांची खोकी उतरवताना दादा पडला, कमरेचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी त्याला पाठीवर पाडून ठेवला. ट्रक मोकळा झाला. आणि मोकळ्या ट्रकवर डोळे किती! एक मिशीचा. त्याचा स्वतःचा खटारा चढावर म्हाताऱ्यासारखा खोकायचा. दुसरा दादाच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. तो यार्डातच फिटर होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या, आता एक तरी चालवायला मिळावी असं त्याला फार वाटायचं. आणि तिसरी वहिनी, जिच्याकडे अवजड गाडीचं लायसन्स आहे हे दादाशिवाय कुणाला माहीतच नव्हतं!

किल्ली तिला मिळाली.

त्या दिवसापासून भाऊजींनी, म्हणजे वहिनीच्या या दिराने, घरी जेवायला येणं बंद केलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसता अबोला. यार्डात समोरासमोर आले तर भाऊजी पान्याकडे बघायचे आणि वहिनी आभाळाकडे. भांडण परवडलं, त्याला आवाज तरी असतो.

आणि यार्डाचे साहेब? ते दर वाक्यानंतर मनगटाकडे बघायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळसाहेब म्हणायचे. किल्ली देतानाच त्यांनी बजावलं होतं, "बाई, माल वेळेवर फाटकाबाहेर पडला पाहिजे. एकदा उशीर झाला तर समज देईन. दुसऱ्यांदा झाला तर किल्ली मिशीकडे. मला नंतर रडारड नको."

"रडारड माझ्याकडे मिळत नाही साहेब," वहिनी म्हणाली होती. पण किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती. घरात एक माणूस झोपून, एक पोरगी दहावीला, आणि चूल पेटायची ती याच ट्रकच्या जोरावर.

सगळं सुरू झालं एका पंक्चरमुळे. मागचं डावं चाक बसलं, भाऊजींनी ते काढलं, नवं लावलं, आणि एक शब्द न बोलता निघून गेले. घरी वहिनीने सांगताच दादा पडल्यापडल्या मान उचलून म्हणाला, "नवीन बसवलेलं चाक सैल होत जातं. त्याचे नट रोज आवळ."

"आवळते की."

"हाताने नाही! पान्याला लांब पाईप लाव आणि पाईपवर उभी राहा. मी तसंच करायचो. नट कसा, बोंबलला पाहिजे!"

दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या दिवसापासून वहिनी सगळ्यांच्या आधी यार्डात यायला लागली. पाईपवर चढून माकडासारखं झुलायचं, आणि तेही मिशीच्या डोळ्यांदेखत? छे! जन्मभर पुरेल एवढा मसाला मिळाला असता त्याला. म्हणून यार्ड रिकामं असतानाच ती पान्याला पाईप लावायची, त्यावर दोन्ही पाय ठेवून धपकन उडी मारायची, नट किंचाळला की पुढचा. मग पाईप सीटखाली ढकलून द्यायची आणि सगळे आल्यावर साळसूदपणे फेरीला सुरुवात करायची.

पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिच्या पायांना काहीतरी खटकलं. काल जो नट किंचाळून थांबला होता, तो आज पुन्हा फिरत होता. अगदी सहज!

"असं कसं?" घरी येऊन ती म्हणाली.

"खूण करून ठेव," दादा म्हणाला. "नटापासून चाकापर्यंत एक रेघ ओढ. नट हलला तर रेघ तुटेल. म्हणजे कळेल, तुझ्या मनाचे खेळ आहेत की काय ते."

घरात रंग नव्हता. होतं ते पोरीचं नेलपॉलिश.

"आई! ट्रकला नेलपॉलिश?" पोरगी किंचाळली. "आणि तेही हे? लालभडक? मैत्रिणीच्या वाढदिवसाला लावणार होते मी!"

"दहा नटांना पुरेल एवढंच घेते गं."

"मग नीट दोन हात दे हं. एका हाताने चकाकी येत नाही."

दुसऱ्या दिवशी वहिनीने नट आवळले, प्रत्येकावर बारीक लाल रेघ ओढली, फेरी मारली, घाट चढली, उतरली, माल टाकून परत आली. यार्डात शिरताच आधी चाक बघितलं. दहाच्या दहा रेघा जशाच्या तशा! वहिनीला स्वतःचंच हसू आलं. उगाच पराचा कावळा! तिने दुसऱ्या दिवसाचा माल भरून घेतला, गाडी टोकाच्या जागेवर लावली आणि घरी गेली.

सकाळी दहाच्या दहा रेघा तुटलेल्या होत्या.

वहिनी चाकासमोर उकिडवी बसली ती बसलीच. नटावरचा रेघेचा तुकडा एकीकडे, चाकावरचा दुसरीकडे. आणि प्रत्येक नट सैल होण्याच्या बाजूला सरकलेला. एक नाही, दोन नाही, सगळे, आणि जवळजवळ सारखेच. आपोआप सैल होणारे नट काही एकमेकांना विचारून सैल होत नाहीत. हे कुणाच्या तरी हाताचं काम होतं.

 पाठीवर एवढा फरशांचा डोंगर, पुढे घाटाचा उतार, आणि मागचं चाक कुणीतरी रात्री सोडून ठेवलेलं! तिने पाईप काढला, दहाही नट पुन्हा आवळले, नव्या रेघा ओढल्या, मग बाकीची सगळी चाकं तपासली, मग पुन्हा हे चाक. मन काही भरेना. शेवटी ती फाटकाशी पोचली तेव्हा घड्याळसाहेब मनगट वर करूनच उभे होते.

"एक," ते म्हणाले. बस्स. एवढंच.

आता वहिनीला यार्डातला प्रत्येक माणूस वेगळाच दिसायला लागला. चहा देणारा जरा जास्तच गोड हसतोय का? फाटकावरचा पहारेकरी नजर का चुकवतोय? पण संशयाची सुई फिरून फिरून थांबायची ती एकाच मिशीवर. ट्रक कुणाला हवाय? मिशीला. तिला उशीर झाला तर फायदा कुणाचा? मिशीचा. "आणि चाकच निघालं तर?" हा प्रश्न ती मनातसुद्धा पूर्ण करायची नाही.

"मिशीच!" दादा तर पलंगावरूनच निकाल देऊन मोकळा झाला. "मांजर डोळे मिटून दूध पितं. पकड त्याला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी ताडपत्री आवरायच्या निमित्ताने मागे राहिली. दोऱ्यांशी खेळत, एक डोळा डाव्या चाकावर. उजेड पिवळा पडत आला होता. आणि आलाच की मिशी! इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि गाडीच्या मागे, बरोबर त्या चाकाशी, उकिडवा बसला.

वहिनी मांजरीच्या पावलांनी गेली आणि त्याच्या डोक्यावर उभी राहून गरजली, "काय चाललंय?"

मिशी एवढा दचकला की मागच्या मागे बसला. हातात पाना नव्हता. हातात सिगारेट होती.

"वहिनी! हळू! हळू बोला हो!"

"सिगारेट? यार्डात? डिझेलच्या टाकीपासून दोन हातांवर?"

"पाया पडतो. साहेबांना कळलं तर आजच्या आज घरी बसवतील. आणि बायकोला कळलं तर घरीही बसू देणार नाही. तिला वाटतंय मी सोडली."

"मग माझ्याच गाडीमागे का मरायचं?"

"तुमची गाडी टोकाला असते ना. साहेबांच्या खिडकीतून दिसत नाही."

वहिनीने त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. पट्ठ्या खरंच घाबरला होता. पण चोर चोरी पकडल्यावर दुसरी छोटी चोरी कबूल करतो, हेही तिने ऐकलं होतं. तिने सिगारेट विझवायला लावली आणि त्याला सोडून दिलं, संशयासकट.

मात्र दुसऱ्याच दिवशी मिशीचा खटारा वाटेत बंद पडला आणि मिशी मुक्कामाला परगावी राहिला. त्या रात्री तो यार्डात नव्हता, फाटकाच्या आत त्याचं पाऊलही पडलं नव्हतं. आणि तरीही सकाळी रेघा तुटलेल्या!

मग कोण?

वहिनी पाईपवर चढली, उडी मारली, आणि उडी मारतामारताच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. असा प्रकाश की वाटावं, अंधारच बरा होता. हे नट हाताने सुटणारे नाहीत. गाडीतल्या छोट्या पान्याला पाईप लागतो, आणि तो तिच्या सीटखाली; पाईपशिवाय मोठाच पाना लागतो. मोठे पाने फिटरच्या पेटीत असतात. पेटीला कुलूप असतं. आणि कुलपाची किल्ली एकाच माणसाकडे.

त्या रात्री ती भात वाढत असताना दादा म्हणाला, "अगं, धाकट्याला सांग की लक्ष ठेवायला. संध्याकाळी उशिरापर्यंत तो तिथेच असतो."

वहिनीचा हात पातेल्यातच थांबला. "नको."

"का? अजून अबोलाच का तुमचा? अगं, रागीट आहे, पण मनाचा सोनं आहे तो. लहानपणी माझ्या वाटचा मार खायचा."

पोरीने ताटातून मान वर करून आईकडे बघितलं. वहिनीने भाताचा आणखी एक डाव वाढला. काय बोलणार? तुमचं सोनं रोज रात्री माझ्या चाकाचे नट काढतंय? घर एका वाक्यात दुभंगलं असतं. बरं, पुरावा काय? लाल रेघा! आणि दुसऱ्यांदा उशीर झाला तर किल्ली गेली. गप्प बसलं तर कदाचित जीवच गेला. इकडे आड, तिकडे विहीर.

नाही, डोळ्यांनी बघायलाच हवं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "येते हो!" म्हणून फाटकाबाहेर पडली, कुंपणाच्या मागून वळसा घालून परत आली, आणि आपल्याच गाडीत चोरासारखी शिरली. सीटच्या मागे झोपायची अरुंद फळी होती, तिच्यावर आडवी झाली. डावा आरसा तिने आधीच असा वळवून ठेवला होता की त्यात मागचं चाक दिसावं. केबिनमध्ये दिवसभराची ऊब साठलेली, घामाने मान ओली, नाकात डिझेल. आणि मनात एकच जप: भाऊजी नसोत. कुणीही असो, भाऊजी नसोत.

आरशात एक माणूस आला. खांद्यावर लांब पाना, चालीत दादासारखाच थोडा डावीकडे झुकाव.

भाऊजीच होते.

त्यांनी आजूबाजूला बघितलं, चाकापाशी गुडघा टेकला, पाना नटावर बसवला आणि जोर लावला. नट किर्र करून सुटला. अरे देवा, किती सराईतपणे!

वहिनी फळीवरून उठली, डोकं छताला आपटलं, दार उघडलं आणि खाली उडी टाकली. "सापडलात!"

भाऊजींच्या हातातून पाना निसटला तो त्यांच्याच पायावर. "आई गं! वहिनी? तुम्ही घरी गेला होतात ना?"

"तुम्हाला तसं वाटावं म्हणूनच गेले होते! ट्रक मिळाला नाही म्हणून थेट माझ्या जिवावर उठलात? भावाचा संसार बघवला नाही? घरचा भेदी म्हणतात ते खोटं नाही!" अबोल्यात साठवलेलं सगळंच एकदम बाहेर आलं. "आणि त्या घरात तुम्हाला सोनं म्हणतात, सोनं!"

एवढा आवाज झाल्यावर यार्ड थोडंच मागे राहतंय! गाड्या लावून चहा पिणारे सगळे धावत आले, मिशीही आला, आणि मनगटाकडे बघत घड्याळसाहेबही.

"हा फिटर माझे नट सैल करतोय साहेब! रोज!"

सगळे भाऊजींकडे वळले. भाऊजी एका पायावर नाचत होते, पण डोळ्यांत आग होती.

"करतोय! सैलच करतोय!" ते ओरडले. "कारण कुणीतरी हे नट रोज मरेस्तोवर आवळतंय! चाक मी बसवलंय, दुसऱ्या दिवशी तपासायला आलो तर नट सुटेना. आवळण्याला काही माप असतं की नाही? नट आवळला की आतला बोल्ट ताणला जातो. मापात ताणला तर चाक धरून ठेवतो. मापाबाहेर ताणला तर एक दिवस तुटतो. एक तुटला की भार दुसऱ्यावर, मग तोही जातो, आणि हे सगळं घडणार कुठे? घाटात! म्हणून मी रोज एकेक नट सोडतो आणि या मापाच्या पान्याने पुन्हा बसवतो." त्यांनी पाना उचलला, सोडलेला नट परत फिरवला. पान्यातून आवाज आला: कट्ट. "हे वाजलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी बघावं, तर नटांचा पुन्हा गळा आवळलेला! रोज!"

"मग मला सांगितलं का नाही?" वहिनी म्हणाली. आवाज मघापेक्षा बराच खाली आला होता.

"तुम्ही आभाळाकडे बघणं थांबवाल तेव्हा सांगणार ना! आणि साहेबांकडे जायचं तर हातात गुन्हेगार हवा होता. तो आता आहे." भाऊजींनी बोट उचललं. "हा. मिशी. या चाकामागे लपून बसलेला मी स्वतः बघितलाय त्याला, एकदा नाही, अनेकदा. बोल्ट तोडून वहिनींना घालवायचं आणि ट्रक घ्यायचा! वर खुणाही करून ठेवल्यात, बघा साहेब, लाल रंगाच्या, कुठला नट किती आवळला ते कळावं म्हणून!"

साहेब वाकले. लाल रेघांवर बोट फिरवलं. चकाकी चांगली होती.

"काय रे?" ते मिशीला म्हणाले. "काय करत होतास चाकामागे?"

मिशीचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि मध्येच थिजला. सिगारेट म्हणावं तर नोकरी गेली. काही न म्हणावं तर नोकरी गेलीच, वर खुनी म्हणून नाव. त्याने वहिनीकडे बघितलं. यार्डभर टिंगल करत फिरणारा तो माणूस, पण आत्ता त्याच्या डोळ्यांत नुसती विनवणी होती.

आणि वहिनी? वहिनीच्या पायाखालची जमीन केव्हाच सरकली होती. 'कुणीतरी रोज आवळतंय.' तो कुणीतरी सीटखाली पाईप ठेवत होता. तो कुणीतरी रोज पहाटे माकडासारख्या उड्या मारत होता. बोल्ट तोडायला निघालेला शत्रू शोधत ती आठवडाभर यार्ड पालथं घालत होती, आणि तो रोज सकाळी तिच्याच चपलेत पाय घालून यायचा!

गप्प बसायचं. एवढंच करायचं होतं. ताट वाढून समोर आलं होतं. भाऊजी निर्दोष, मिशी गुन्हेगार, ट्रक तिचा, घर शाबूत. पाईप रात्री कुठल्याही नाल्यात टाकता आला असता. कुणाला, अगदी कुणालाही कळलं नसतं.

मिशी अजून तिच्याकडेच बघत होता.

"साहेब," वहिनी म्हणाली, "ते नट मी आवळते."

"काय?"

"मीच. रोज पहाटे. पाईप लावून. मला वाटायचं कुणीतरी सैल करतंय. म्हणून मी आणखी आवळायची. आणि ते नेलपॉलिश आहे."

कुणी हसलं नाही. घड्याळसाहेबांनी पहिल्यांदाच मनगटाकडे न बघता तिच्याकडे बघितलं. "कसं आवळतेस? दाखव."

"साहेब, नको," भाऊजी म्हणाले.

"दाखवू दे. डोळ्यांनी बघतो."

वहिनीने सीटखालून पाईप काढला. जे कुणाला दिसू नये म्हणून ती पहाटे उठून येत होती तेच आता साऱ्या यार्डासमोर करायचं होतं. तिने पाना बसवला, पाईप लावला, वर चढली आणि रोजच्यासारखी उडी मारली.

टण्ण!

नट किंचाळला नाही. पाईप एकदम हलका झाला आणि वहिनी धाडकन मातीत बसली. नट बोल्टच्या तुकड्यासकट घरंगळत मिशीच्या पायाशी जाऊन थांबला. तुटलेलं टोक पांढरंशुभ्र चकाकत होतं.

मिशीने तो तुकडा उचलला, तळहातावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "उद्या सकाळी वहिनी घाटात असत्या."

 चहा देणाऱ्याने तिला हात देऊन उठवलं.

"चाकाचे सगळे बोल्ट बदलायचे," साहेब शेवटी म्हणाले. "उद्याचा माल मिशी नेईल. बाई, किल्ली इकडे."

वहिनीने किल्ली दिली. रडारड केली नाही. म्हणजे तिथे तरी नाही.

घराच्या वाटेवर ती पुढे आणि लंगडत भाऊजी मागे. बऱ्याच वेळाने ती थांबली. "पाय फार दुखतोय का?"

"तुम्ही मला खुनी समजलात, त्यापेक्षा कमी."

"तुम्हीही मिशीला समजलातच की."

"ते वेगळं. तो नात्यातला नाही."

वहिनीला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांतून पाणीही. भाऊजी घाबरून आभाळाकडे बघायला लागले, पण घरापर्यंत आले, आणि कितीतरी दिवसांनी आत येऊन पाटावर बसले. सगळी हकीकत ऐकून दादा पलंगावरून कडाडला, "पण पाईपवर उभं राहायची अक्कल कुणी दिली तुला?"

वहिनीने दादाकडे बघितलं. भाऊजींनी दादाकडे बघितलं. पोरगी तर कधीचीच बघत होती. दादाने चादर सावकाश वर ओढली आणि तोंडावर घेतली.

बोल्ट आले, बसले. बसवायच्या दिवशी घड्याळसाहेब स्वतः चाकाशी येऊन उभे राहिले. "फिटर नाही, बाई नट बसवेल," ते म्हणाले. "या मापाच्या पान्याने. कट्ट वाजल्यावर एक केसभर जरी पुढे ढकललंस, तरी किल्ली मिशीला."

"साहेब, मला नको ती किल्ली," मिशी मागून म्हणाला. "वहिनींच्या हातची गाडी कोण चालवणार?" पण आज त्याच्या टोमण्याला धार नव्हती.

वहिनीने पाना घेतला. पहिला नट फिरवला. कट्ट. तिचे खांदे दचकून थांबले. एवढंच? ना किंचाळणं, ना उडी. या एवढ्याशा आवाजावर टनावारी माल आणि स्वतःचा जीव टाकायचा? तिचे हात आपोआप पुढे झुकले. फक्त थोडंसं. फक्त मनाच्या समाधानापुरतं.

"वहिनी," भाऊजी पुटपुटले.

तिने हात मागे घेतले. पाईपवर उड्या मारण्यापेक्षा हे थांबणं शंभरपट जड होतं! दुसरा. कट्ट. तिसरा. कट्ट. शेवटच्या नटापर्यंत तिच्या कपाळावरून घाम निथळत होता, जोर लावून नव्हे, जोर न लावून. साहेबांनी चाकाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि किल्ली तिच्या ओल्या तळहातावर ठेवली. "नवीन बोल्ट आहेत. थोडं अंतर गेलीस की थांबून एकदा तपास. मग घाट."

थोडं अंतर गेल्यावर, चढ सुरू व्हायच्या आधी, वहिनीने गाडी रस्त्याकडेला घेतली. मापाचा पाना भाऊजींनी सोबत दिलाच होता. ती चाकाशी बसली. आजूबाजूला कुणी नाही. यार्ड नाही, साहेब नाहीत. पाना, नट आणि ती. मनात वळवळ सुरू झालीच: कोण बघतंय?

फोन वाजला.

"थांबलात का?" भाऊजी विचारत होते.

"थांबले."

"कट्ट वाजलं?"

"आता लावतेच आहे. आल्यावर सांगते."

"आल्यावर नको. फोन चाकाजवळ धरा. मला ऐकायचंय."

"म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," भाऊजी म्हणाले.

वहिनी एकटीच रस्त्याकडेला मोठ्याने हसली. मग तिने फोन चाकाला टेकवून ठेवला आणि पहिल्या नटावर पाना चढवला.